रचना आणि विनियोग

ऑगस्ट २०२० मध्ये मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने आपली नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. 'सेप्टिन' कुळातील जनुकांची संक्षिप्त नावे तोवर 'सेप्ट१', 'सेप्ट२' अशी होती. ती बदलून 'सेप्टिन१', 'सेप्टिन२' करण्यात आली. 'मार्च१'चे 'मार्चएफ१' झाले. या नामांतरामागे जीवशास्त्रीय कारण काहीच नव्हते. रोमन लिपीतील ही चार अक्षरे आणि त्यांपुढील अंक दिसताच एक्सेल ही आज्ञावली २ सप्टेंबर ही तारीख आहे असे समजून मजकूर परस्पर बदलून टाकी. २००४ सालीच काही संशोधकांनी ही तक्रार छापून प्रसिद्ध केली होती. '२३१०००९ई१३' यासारख्या खुणेला दशांश अपूर्णांकातील अवाढव्य संख्या मानले जाते, हेही त्यांनी दाखविले होते. २०१६ साली झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत असे आढळले की, ज्या शोधनिबंधांसोबत एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका शिरल्या होत्या. आज्ञावलीत हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय २०२३ साली आली. तोवर माणसाच्या जनुकांनी आपली नावे बदलून घेतली होती.

हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो एका जुन्या वादाचे ताजे टोक वाटतो.

यात चूक कोणाची? असे तक्ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्यासाठी जे सर्वांत साधे स्वरूप वापरतात, त्यात प्रत्येक नोंद एका ओळीवर असते आणि रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतात. हे स्वरूप कित्येक दशके वापरात होते. त्याचे लेखी वर्णन 'आरएफसी ४१८०' या टिपणात ऑक्टोबर २००५ मध्ये झाले. स्वल्पविराम कोठे द्यावा, मजकुरातच स्वल्पविराम आला तर अवतरणचिन्हे कशी घालावीत, ओळ कशी संपवावी, एवढे ते टिपण सांगते. रकान्यात आहे ती संख्या आहे, तारीख आहे की नाव, याविषयी ते मौन पाळते. म्हणजे स्वरूपाने आपले काम चोख केले. वाचणाऱ्या आज्ञावलीने मौनाचा अर्थ आपल्या परीने लावला. (एका दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची यादी तयार करताना आम्ही स्वतः सगळ्या दूरध्वनी क्रमांकांच्या आरंभीची शून्ये अशीच गमावली होती. '०२०' म्हणजे पुणे हे आम्हांला ठाऊक होते. यंत्राच्या लेखी ती केवळ वीस ही संख्या होती.)

या दोन गोष्टींना आपल्याकडे फार जुनी नावे आहेत. मंत्राचा पाठ संहितेत असतो आणि तो कमालीच्या काटेकोरपणे जपलेला असतो. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ ही सारी यातायात एक स्वरही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. पण तो मंत्र कोणत्या कर्मात, कशासाठी म्हणावयाचा, हे ब्राह्मणग्रंथ आणि सूत्रे सांगतात. त्याला विनियोग म्हणतात. एकाच मंत्राचे अनेक विनियोग असू शकतात आणि त्यामुळे पाठ बदलत नाही. विदा-प्रमाणकांच्या इतिहासात 'सिंटॅक्स' आणि 'प्रोसेसिंग सिमँटिक्स' हे जे दोन शब्द वारंवार एकमेकांसमोर उभे राहतात, त्यांच्यासाठी आम्ही या लेखात रचना आणि विनियोग हेच शब्द वापरणार आहोत. उपमा ताणण्याचा आमचा हेतू नाही. वैदिक परंपरेत विनियोग सांगणारे ग्रंथही तितक्याच निष्ठेने जपले गेले, हा फरक मात्र लक्षात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडेल.

रचना आणि विनियोग वेगळे करावेत हा विचार संगणकाच्या जगात छपाईच्या वाटेने आला. सप्टेंबर १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात एक व्याख्यान दिले. मजकुरातील आशय आणि त्याचे छापील रूप यांची फारकत करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळी मुद्रणप्रतीत 'येथे दोन ओळी सोडा', 'येथे जाड टंक घ्या' अशा सूचना पेरलेल्या असत. यंत्र बदलले की सूचना बदलाव्या लागत.

या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते चार्ल्स गोल्डफार्ब यांनी. ते पेशाने वकील. नंतर आयबीएममध्ये आले. १९६९ साली त्यांच्याकडे आणि एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी या सहकाऱ्यांकडे वकिलांच्या कचेरीसाठी एक व्यवस्था उभी करण्याचे काम होते. मजकूर संपादित करणारी एक आज्ञावली, शोधून काढणारी दुसरी आणि छपाईसाठी जुळविणारी तिसरी, अशा तिघींना एकच दस्तऐवज वापरता यावा, अशी अपेक्षा होती. अडचण अशी की तिघींच्या आज्ञा वेगवेगळ्या. संपादकाला कळणारी खूण शोधकाला कळत नसे. तोडगा असा निघाला की दस्तऐवजात कोणत्याच आज्ञावलीसाठी आज्ञा लिहू नये. 'हा मथळा आहे', 'हा परिच्छेद आहे', 'हे अवतरण आहे' एवढेच लिहावे. मथळ्याचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. या भाषेला 'जीएमएल' असे नाव पडले; ती तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही होती.

१९८१ साली लिहिलेल्या एका निबंधात गोल्डफार्ब यांनी यामागची दोन तत्त्वे मांडली. खुणा वर्णनपर असाव्यात, प्रक्रियापर नसाव्यात. आणि त्या काटेकोर असाव्यात. पहिल्या तत्त्वाचे त्यांनी दिलेले समर्थन फार आकर्षक आहे. वर्णन एकदाच करावे लागते आणि पुढे होणाऱ्या सर्व प्रक्रियांना, आज सुचलेल्या आणि न सुचलेल्याही, ते पुरते. हाच विचार १९८६ साली 'एसजीएमएल' या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात उतरला. त्यात रचनेचे नियम इतके तपशीलवार होते की ते समजावून सांगण्यासाठी गोल्डफार्ब यांनाच १९९० साली एक जाडजूड ग्रंथ लिहावा लागला. विनियोग मात्र हेतुपूर्वक बाहेर ठेवला होता. मांडणीसाठी 'डीएसएसएसएल' हे वेगळे प्रमाणक यायला १९९६ उजाडले.

गोल्डफार्ब यांचे तत्त्व आम्हांला आजही योग्य वाटते. पण ते ज्या कामातून जन्मले त्याची एक खूण त्यावर राहून गेली आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. वकिलाच्या कचेरीतील दस्तऐवज शेवटी माणूस वाचतो. मथळा चुकीच्या टंकात आला, एखादे अवतरण परिच्छेदासारखे दिसले, तरी वाचणारा वकील ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. साहित्यशास्त्रात ज्याला सहृदय म्हणतात, तो या साखळीच्या टोकाशी बसलेला असतो. प्रमाणकाने राखलेल्या मौनाची किंमत तो मुकाट्याने चुकवितो. पुढे हेच तत्त्व दस्तऐवजांकडून विदेकडे आले आणि साखळीच्या टोकाशी दुसरे यंत्र बसले. यंत्र सहृदय नसते.

या स्थित्यंतराच्या मधोमध 'एचटीएमएल' आहे. १९९५ सालच्या 'आरएफसी १८६६'ने तिला एसजीएमएलचे एक उपयोजन म्हणून जाहीर केले. न्याहाळकांनी मात्र तिचे वाचन कधीच त्या नियमांनी केले नाही. समजा, एखाद्याने जाड ठशाची खूण उघडली, तिच्या पोटात तिरप्या ठशाची उघडली आणि मग जाड आधी बंद केली, तिरपी नंतर. रचनेचे शास्त्र म्हणेल, हे अशुद्ध आहे. बस्स, एवढेच म्हणेल. अशुद्ध मजकूर समोर आल्यावर काय दाखवायचे, हा विनियोगाचा प्रश्न. तो शास्त्राच्या बाहेरचा. मग प्रत्येक न्याहाळकाने आपापला मार्ग शोधला. एकाच पानाचे अंतर्गत वृक्ष प्रत्येकाच्या पोटात निराळे तयार होऊ लागले. इयन हिक्सन यांनी २००२ साली वेगवेगळ्या न्याहाळकांना असा उलटसुलट मजकूर देऊन त्यांचे वर्तन तपासले होते. पुढे 'एचटीएमएल ५'चे संपादन त्यांच्याकडेच आले, हा योगायोग नसावा.

त्याआधी 'एक्सएमएल'ने उलट टोक गाठले होते. टिम ब्रे, जीन पाओली आणि मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन यांनी संपादित केलेले हे प्रमाणक १० फेब्रुवारी १९९८ रोजी संमत झाले. रचनेत एकही घातक चूक आढळली तर वाचकाने नेहमीसारखे काम पुढे रेटू नये, असा त्यात दंडक आहे. याला 'ड्रॅकोनियन' म्हणजे अथेन्सच्या ड्रॅको या कठोर कायदेकर्त्याला शोभेलसे धोरण म्हणतात. एचटीएमएलची जी अवस्था झाली ती टाळण्यासाठीच हा कठोरपणा होता आणि त्याने एक प्रश्न खरोखर सुटला. अशुद्ध मजकुराचा विनियोग कसा करावा, याचे उत्तर 'करूच नये' असे मिळाले.

शुद्ध मजकुराचे काय, हा प्रश्न उरलाच. मजकुराच्या मधोमध टिप्पणी आली तर तो मजकूर एक की दोन तुकडे? टिप्पणी ही आशयाचा भाग की नाही? याची उत्तरे मूळ प्रमाणकात एका ठिकाणी नव्हती. मागाहून निघालेल्या प्रत्येक सहप्रमाणकाने आपापली प्रतिमा गृहीत धरली. 'इन्फोसेट' नावाचे, म्हणजे या मजकुरात नेमके काय असते याची यादी देणारे टिपण २००१ साली आले. तोवर साडेतीन वर्षे उलटली होती. याचे पर्यवसान कशात झाले पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या एका दोषात, एका संस्थेचे ओळखपत्र दुसऱ्या संस्थेच्या दाराशी दाखविण्याच्या व्यवस्थेत, हल्लेखोर स्वतःच्या वापरनावाच्या मध्ये एक रिकामी टिप्पणी घुसवी. सही पडताळणारा भाग टिप्पणी वगळून मजकूर वाची, म्हणून सही खरी ठरे. नाव काढून घेणारा भाग टिप्पणीपाशीच थांबे, म्हणून उरलेले अर्धे नाव दुसऱ्याच कोणाचे निघे. दोन्ही भागांनी कोणताही रचनानियम मोडलेला नव्हता.

आता 'जेसन'कडे येऊ. या इतिहासातला आमच्या मते सर्वांत बोधप्रद अध्याय तोच आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ साली ही पद्धत वापरात आणली आणि २००२ साली तिचे व्याकरण एका संकेतस्थळावर मांडले. अख्खे व्याकरण एका पानात मावते. ते रेल्वेच्या रुळांसारख्या आकृत्यांनी दाखविलेले आहे. डावीकडून निघावे, सांधे बदलत उजवीकडे पोचावे, वाटेत भेटलेली चिन्हे म्हणजे शुद्ध मजकूर. क्रॉकफर्ड यांनी मुळातली टिप्पण्यांची सोय पुढे काढून टाकली. लोक टिप्पण्यांत वाचकयंत्रासाठी सूचना लिहू लागले होते, आणि त्याने एकमेकांचा मजकूर वाचता येण्याची हमीच संपली असती, असे कारण त्यांनी नंतर दिले. गोल्डफार्ब यांच्या तत्त्वाचे इतके कडक पालन स्वतः गोल्डफार्ब यांनीही केले नव्हते. एसजीएमएलमध्ये प्रक्रिया-सूचनांना रीतसर जागा होती.

जुलै २००६ मध्ये 'आरएफसी ४६२७' आले. २०१३ साली महाजालाच्या प्रमाणकांचे काम पाहणाऱ्या 'आयईटीएफ'ने जेसनच्या फेरलेखनासाठी कार्यगट नेमला. त्याचे काम चालू असतानाच, ऑक्टोबर २०१३ मध्ये, जावास्क्रिप्टचे प्रमाणक सांभाळणाऱ्या 'एक्मा' संस्थेने 'एक्मा ४०४' ही स्वतःची चिमुकली पुस्तिका प्रसिद्ध केली. मार्च २०१४ मध्ये टिम ब्रे यांनी संपादित केलेले 'आरएफसी ७१५९' आले. होय, एक्सएमएलचेच ब्रे. एका पानाच्या व्याकरणाला आता दोन प्रमाणके झाली.

या भांडणाकडे दोन संस्थांची चढाओढ म्हणून पाहणे सोपे आहे, आणि ती त्यात नव्हती असे नाही. पण मुद्दा खरा होता. एक्माची भूमिका अशी की आपण फक्त रचना सांगतो. संख्या म्हणजे अंकांची एक ओळ. तिची किंमत यंत्रात कशी साठवायची ते ज्या त्या भाषेने पाहावे. एका वस्तूत एकच नाव दोनदा आले तर ते रचनेत बसते. त्याचा अर्थ काय, हे वापरणाऱ्याने ठरवावे. यात तर्कदोष नाही. त्याच संस्थेने जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात, जेथे तो प्रश्न खरोखर येतो तेथे, शेवटचे मूल्य टिकते असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. आयईटीएफच्या बाजूचे म्हणणे असे की दोन अनोळखी यंत्रांना एकमेकांशी बोलायचे असेल तर रचना पुरत नाही. मोठ्या संख्या अनेक ठिकाणी ६४ बिटांच्या दशांश रूपात साठवतात, तेथे ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे सगळे पूर्णांक नेमके राहतीलच असे नाही, हे प्रमाणकात सांगितलेच पाहिजे.

संख्यांचा प्रश्न काल्पनिक नव्हता. २०१० साली तेव्हाच्या ट्विटरने आपल्या संदेशांना नवे, लांबलचक क्रमांक देण्याचे ठरविले. ते वरील मर्यादेपलीकडे जाणार होते. न्याहाळकातील जावास्क्रिप्टने ते वाचले की शेवटचे अंक बदलत. एका संदेशाचा क्रमांक दुसऱ्याचा होऊन बसे. मग प्रत्येक क्रमांक दोनदा पाठविण्याची पद्धत पडली, एकदा संख्या म्हणून आणि एकदा अवतरणचिन्हांत अक्षरमाला म्हणून. शुद्ध रचना, शुद्ध संख्या, आणि तरीही तिच्याखेरीज तिची नक्कल सोबत द्यावी लागते!

दुहेरी नावांचा प्रश्न याहून भयंकर निघाला. 'काउचडीबी' या विदा-साठ्यात वापरकर्त्यांची माहिती जेसनमध्येच ठेवलेली असते. तीत 'भूमिका' या नावाखाली त्या व्यक्तीचे अधिकार लिहिलेले असतात. सामान्य माणसाने स्वतःला अधिकार देऊ नयेत म्हणून जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला एक पहारेकरी प्रत्येक नवी नोंद तपासतो. साठ्याचा उरलेला गाभा अर्लांग भाषेत आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये असे उघड झाले की एखाद्याने नोंदीत 'भूमिका' हे नाव दोनदा लिहिले, पहिल्यांदा 'प्रशासक' आणि दुसऱ्यांदा रिकामी यादी, तर पहारेकरी शेवटचे मूल्य पाहतो. त्याला रिकामी यादी दिसते आणि तो वाट सोडतो. नंतर त्या माणसाचे अधिकार पाहायची वेळ येते तेव्हा अर्लांगमधील वाचक पहिले मूल्य उचलतो. तो माणूस प्रशासक झालेला असतो. दुसऱ्या एका दोषाशी सांगड घातली की त्याला थेट त्या यंत्रावर आज्ञा चालविता येत.

एकाच छपराखालचे, एकाच मंडळींनी जोडलेले हे दोन वाचक. दोघांनीही एक्माच्या पुस्तिकेबाहेर पाऊल टाकले नव्हते. जे प्रमाणक म्हणते की हा निर्णय वापरणाऱ्याचा, त्याला येथे दोन वापरणारे सापडले आणि दोघांनी दोन निर्णय घेतले. विनियोग वगळल्याने तो नाहीसा होत नाही. तो कोणीतरी, कोठेतरी, न लिहिता करीत असतो. येथे वर म्हटलेला फरक आठवावा. संहिता सांभाळणाऱ्या परंपरेने सूत्रेही सांभाळली होती. आमच्या तंत्रज्ञांनी संहिता वेगळी काढली आणि सूत्रे ज्याची त्याने मनात धरावीत असे ठरविले.

दोन्ही एकत्र कालवावेत असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. एचटीएमएल ५ ने निवडलेली वाट आम्हांला अधिक समंजस वाटते. तिच्या प्रमाणकात लिहिणाऱ्यासाठी एक प्रकरण आहे आणि वाचणाऱ्या यंत्रासाठी दुसरे. पहिले सांगते की खुणा उलटसुलट बंद करणे ही चूक आहे. दुसरे सांगते की तशी चूक समोर आली तर पायरीपायरीने काय करावे. अक्षरांची कोणतीही ओळ द्या, तिच्यापासून कोणता वृक्ष तयार होईल हे ठरलेले आहे. वर दिलेल्या जाड-तिरप्या घोळासाठी जी रीत तेथे सांगितली आहे, तिचे नाव 'दत्तकसंस्थेची रीत' असे आहे. आई-बाप चुकलेल्या खुणांना नवे पालक मिळवून देण्याची ही व्यवस्था. प्रकरण किचकट आहे, कंटाळवाणे आहे, आणि ते लिहिण्यात काही माणसांची ऐन उमेदीची वर्षे गेली आहेत. २०१४ साली ते अधिकृत शिफारस म्हणून संमत झाले. जेसनच्या एका पानाशी तुलना करता ते कुरूप दिसते, हे खरे.

जेसनच्या बाजूनेही हालचाल झाली. मार्च २०१५ मध्ये ब्रे यांनीच 'आय-जेसन' नावाचे एक कडक उपस्वरूप लिहिले. त्यात दुहेरी नावांना साफ मनाई आहे. ज्याला हमी हवी त्याने ते स्वीकारावे. डिसेंबर २०१७ मध्ये, काउचडीबीचा दोष उघड झाल्यानंतर महिन्याभरात, 'आरएफसी ८२५९' आणि एक्मा ४०४ ची दुसरी आवृत्ती अशी दोन्ही प्रमाणके नव्याने निघाली. दोघांनी एकमेकांचा अधिकृत हवाला दिला आणि व्याकरण एकच राहील असे कबूल केले. त्या दोषाचा आणि या तहाचा संबंध नव्हता; काम आधीपासूनच चालू होते.

दुहेरी नावांविषयी एक्माच्या नव्या आवृत्तीने आपली भूमिका अधिकच स्पष्ट केली: नावे वेगळी असण्याचे बंधन रचना घालीत नाही, तो अर्थाचा प्रश्न आहे. आरएफसीत मात्र बंधनाचे वाक्य आहे. अशा टिपणांत क्रियापदांचे वजन १९९७ पासून ठरवून दिलेले आहे. 'असलेच पाहिजे' म्हणजे सक्ती, 'असावे' म्हणजे सबळ कारण असल्यास मोडता येईल असा संकेत. २००६ सालच्या पहिल्या टिपणात लिहिले होते की वस्तूतील नावे एकमेकांहून वेगळी असावीत. जुने मजकूर एका रात्रीत अशुद्ध ठरू नयेत म्हणून २०१४ साली ते तसेच ठेवले गेले. २०१७ सालच्या, आज लागू असलेल्या टिपणातही क्रियापद तेच विध्यर्थी आहे: असावीत.